बंदी, कुलूप आणि नक्कल

या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली. मी बेळगाव-निपाणी भागातील जुने कागद गोळा करणारा माणूस. तेव्हा सीमाप्रश्नाच्या एखाद्या अंगावर मी बोलेन असे अनेकांनी गृहीत धरले असणार. मी मात्र संगणकाच्या कंपन्या, इंटरनेटवरील बंदी आणि सॉफ्टवेअरची चोरी या तीन गोष्टींवर बोलणार आहे. हा विषय संगणकाच्या शिक्षकांचा आहे, इतिहासाच्या माणसाने त्यात का शिरावे, असा प्रश्न समोरच्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. माझे उत्तर असे की, लिहिलेला शब्द कोणाच्या ताब्यात असतो, तो कोण अडवतो आणि अडवल्यानंतर त्याचे मागे काय उरते, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, म्हणून आज त्याच्याकडेच अधिक पाहू.

आरंभ आपल्याच गावापासून करतो. एप्रिल १९१६ अखेरीस बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली. २८ एप्रिलला येथेच टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. १ मे रोजी टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर मराठीतून भाषण केले. पुढे ३१ मे आणि १ जून रोजी अहमदनगरला त्यांची आणखी दोन भाषणे झाली. टिळकांचा एकसष्टीत प्रवेश होत होता. २३ जुलैला पुण्यात सत्काराची धामधूम चालू असतानाच जिल्हा मॅजिस्ट्रेटची नोटीस त्यांच्या हाती पडली. ही तीन भाषणे राजद्रोहात्मक आहेत, तेव्हा वर्षभर चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत, याचे कारण दाखवा, असा तिचा आशय. ऑगस्टमध्ये मॅजिस्ट्रेटने हुकूम कायम केला. टिळक मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हुकूम रद्द ठरवला. भाषणातील सुटी वाक्ये न उचलता संपूर्ण भाषणाचा श्रोत्यांवर होणारा परिणाम पाहावा, असे सूत्र त्या निकालात आहे.

टिळकांच्या चरित्रांत हा प्रसंग त्यांचा विजय म्हणून येतो, आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बेळगावचे भाषण सरकारी लघुलेखकाने टिपले, सरकारी भाषांतरकाराने इंग्रजीत आणले आणि सरकारी वकिलाने न्यायालयात वाचले. राजा आणि प्रजा यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या नोकरशाहीला टिळकांनी देवळातल्या पुजाऱ्यांची उपमा दिली होती. देव हवा, हे पुजारी नकोत, असा त्यांचा रोख होता. या उपमेचा अर्थ राजद्रोह होतो की नाही, याची चर्चा उघड्या न्यायालयात झाली. आरोप कोणत्या वाक्यांवर आहे हे टिळकांना ठाऊक होते. भाषांतर चुकले असे वाटल्यास ते सांगण्याची सोय होती. १९०८ च्या खटल्यात त्यांनी भाषांतरातील दोषांवर सविस्तर प्रहार केलेच होते. त्या वेळी काळ्या पाण्याची सहा वर्षे टळली नाहीत, हे मी विसरत नाही. परकीय सत्तेच्या न्यायाची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच सांगायचे आहे की, त्या दडपणुकीचा कागद झाला. त्या कागदावर हुकूम देणाऱ्याचे नाव होते, तारीख होती, कलम होते, कारण होते. म्हणून तिच्याशी भांडता आले आणि म्हणूनच आज तिचा इतिहास लिहिता येतो.

ब्रिटिश राजवटीची ही कागदाची हौस विलक्षण होती. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर आणि वृत्तपत्रावर मुद्रकाचे नाव व छापखान्याचे ठिकाण घालणे सक्तीचे झाले. जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची ती बारीक ओळ आपण वाचतही नाही, पण माझ्यासारख्याला तीच आधी पाहावी लागते. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांचा साप्ताहिक गोषवारा इंग्रजीत तयार करवीत असे. मराठी, गुजराती, कानडी पत्रांत काय छापून आले, कोणत्या संपादकाने कोणत्या कलेक्टरावर टीका केली, याचे सार त्यात असे. 'बेळगाव समाचार'सारख्या आपल्या भागातील पत्रांचे अंक आज सलग मिळणे कठीण आहे. अशी अनेक पत्रे घरांच्या माळ्यांवर वाळवीने खाल्ली. पण त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या कारकुनाने केलेला सारांश मुंबईच्या पुराभिलेखागारात सुरक्षित राहिला. दडपणाऱ्यानेच जतन केले, असा हा विचित्र योग आहे. १९१० च्या प्रेस अॅक्टाने नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजारांपर्यंत अनामत मागण्याची मुभा दिली आणि कित्येक लहान छापखान्यांचा त्यात गळा आवळला गेला. तरी अनामत मागितल्याची आणि ती जप्त केल्याची नोंद राहिली.

आता आजच्या काळाकडे येऊ. इंटरनेटवरील मजकूर लोकांना दिसू नये असा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ ने दिला. २००८ च्या दुरुस्तीने हे कलम आले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये त्याचे नियम झाले. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशी ठरावीक कारणे त्यात आहेत, समिती आहे, कारणे लेखी नोंदवण्याची अटही आहे. पण या नियमांतला सोळावा नियम आपण लक्षपूर्वक वाचावा. तक्रार, विनंती आणि त्यावरील कारवाई यांबाबत कडक गुप्तता पाळावी, असे तो सांगतो. कारणे लिहायची आणि तीच गुप्त ठेवायची! ज्याचे लिखाण गेले त्याला बहुधा कंपनीचा एक ठोकळेबाज संदेश मिळतो. पुष्कळदा तोही मिळत नाही. इतिहासकाराला तर काहीच मिळत नाही, कारण लिखाणही दिसत नाही आणि ते अडवल्याचा कागदही दिसत नाही. १९१६ चा लघुलेखक आणि आजचा नियम यांमधील हे अंतर मला फार मोठे वाटते.

मराठी मुलखाचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहण्याबद्दल फेसबुकवर लिहिले म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले आणि दुसरीने त्याला पसंती दिली, एवढाच तो अपराध. त्या घटनेने देश हलला, दिल्लीतल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ घटनाबाह्य ठरून रद्द झाले. त्याच निकालात कलम ६९अ मात्र टिकले, हे सहसा सांगितले जात नाही. त्याआधी २००७ मध्ये ऑर्कुट या संकेतस्थळावर शिवाजी महाराजांविषयी आलेल्या विकृत मजकुरावरून पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका तरुणाला धरून नेले. जोडणीचा क्रमांक दूरसंचार कंपनीने चुकीचा कळवला होता. निरपराध माणूस सुमारे पन्नास दिवस तुरुंगात राहिला. महाराजांच्या बदनामीची चीड कोणाला येणार नाही? पण कंपनीच्या नोंदवहीतला एक आकडा चुकला तर पाळत कोणावर कोसळते, हे त्या प्रकरणात दिसले.

जून २०२३ मध्ये तर हे आपल्या उंबरठ्यापाशी आले. समाजमाध्यमांवरील काही 'स्टेटस'वरून कोल्हापुरात तणाव झाला आणि तेथील मोबाइल इंटरनेट काही काळ बंद करण्यात आले. निपाणीहून कोल्हापूर किती जवळ आहे, हे येथे सांगायला नको. दवाखाना, बाजार, महाविद्यालय, सोयरीक, सगळे तिकडे. राज्याची सीमा १ नोव्हेंबर १९५६ ला आखली गेली. पण माणसांचे व्यवहार त्या रेषेवर थांबत नाहीत. इंटरनेट बंदीचा हुकूम मात्र त्या रेषेवर थांबतो, कारण तो महाराष्ट्राचा गृह विभाग काढतो. अशा हुकमांसाठी २०१७ मध्ये नियम झाले. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे बाधित माणसाला ते आव्हानता येतील. शंभर वर्षांपूर्वी जे गृहीत होते ते न्यायालयाला नव्याने सांगावे लागले.

कंपन्यांविषयी माझे मत विचाराल तर ते सरळ नाही. ट्विटर कंपनीने सरकारच्या बंदी-आदेशांविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली. वाद ३९ संकेतपत्त्यांचा होता. ३० जून २०२३ रोजी याचिका फेटाळली गेली आणि कंपनीला पन्नास लाखांचा दंड झाला. आदेश वर्षभर पाळले नाहीत आणि मग न्यायालयात आलात, असा ठपका होता. तुम्ही कायदा न जाणणारे शेतकरी नाही, अब्जावधींची कंपनी आहात, अशा आशयाचे खडे बोलही न्यायालयाने सुनावले. पुढे एक्स असे नाव धारण केलेल्या त्याच कंपनीची दुसरी याचिका २४ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने फेटाळली. बेळगावकरांचे उच्च न्यायालय तेच, म्हणून हे निकाल आपण परके मानू नयेत. अब्जाधीश कंपनीला तो उपदेश शोभतोच. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्यांचा मजकूर गेला ती माणसे त्या दाव्यात कोठे होती? बेळगावच्या भाषणाच्या खटल्यात बोलणारा स्वतः न्यायालयात होता. आता सरकार एका बाजूला, परदेशी कंपनी दुसऱ्या बाजूला, आणि बोलणारा बाहेर. टिळकांचा पुजारी पुन्हा देवळात आला आहे. फक्त त्याचे मुख्यालय अमेरिकेत आहे. शिवाय ही कंपनी सरकारच्या हुकमावाचूनही स्वतःच्या नियमाने मजकूर काढते. मराठीतला उपरोध, शिवी आणि लाडिक शिवी यांतला भेद तिच्या यंत्राला कितपत कळतो, याची मला शंका आहे. १९०८ चा सरकारी भाषांतरकार चुकत असे, पण त्याची उलटतपासणी होऊ शकत होती.

येथवर बंदीची गोष्ट झाली. आता कुलपाची.

१९९० च्या सुमारास खिळे जुळवण्याचे काम मागे पडून छापखान्यांत डीटीपी आले. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागात लग्नपत्रिका, यात्रेचे अहवाल, सहकारी संस्थांची वार्षिक पत्रके, आंदोलनांची हँडबिले सारे संगणकावर जुळू लागले. मराठी अक्षरे पडद्यावर आणणारे संच पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांनी मोठ्या कष्टाने तयार केले. देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी शेकडो आकृत्या रेखाटाव्या लागतात; ते खरोखर कसबाचे काम होते. त्याची किंमत लहान छापखान्याला मात्र जड जाई. काही संचांसोबत संगणकाच्या पाठीमागे लावायचे एक छोटे यंत्रकुलूप येई. ते लावल्याशिवाय संच चालत नसे. मग कुलूप तोडलेली प्रत एकाकडून दुसऱ्याकडे फ्लॉपीवर जाई. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६३ब आले आणि संगणक प्रणालीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड ठरला. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालयाला कैद टाळता येते, अशी सवलतही आहे. किती छापखाने त्या कलमाखाली येऊ शकले असते, याची मोजदाद न केलेलीच बरी.

ही चोरीच होती; तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. अक्षर घडवणाऱ्याचा मोबदला बुडाला. चोरटी प्रत सहज मिळते म्हटल्यावर नवी अक्षरे घडवण्याचा उत्साह कोणाला राहणार? परंतु त्या कुलपाची दुसरी बाजू मला पुढे कळली. राष्ट्रीय प्रमाण म्हणून 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्येच ठरली होती. तरीही छपाईच्या संचांत प्रत्येक कंपनीने आपापली मांडणी ठेवली. रोमन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा क, रफार असे तुकडे बसवलेले असत. एका कंपनीत जेथे काना, तेथे दुसरीत उकार. परिणाम असा की, तो विशिष्ट टंक नसेल तर धारिका उघडल्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा चिखल दिसतो. म्हणजे कंपनीने कुलूप आपल्या हत्याराला लावले, पण त्यात अडकला आमचा मजकूर. हत्यार तिचे होते, मजकूर तिचा नव्हता. सुताराने करवतीला कुलूप लावावे, याला हरकत नाही. त्या कुलपात गिऱ्हाइकाचे घर अडकले तर?

काही वर्षांपूर्वी निपाणीकडच्या एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मालकांनी मला एक खोका दिला. "मास्तर, हे तुम्ही न्या, नाहीतर भंगारात जाईल," असे ते म्हणाले. त्यात फ्लॉप्या होत्या. तंबाखू-उत्पादकांची पत्रके, एका गावच्या शाळेची स्मरणिका, ग्रामपंचायतीला मराठीतून कागदपत्रे द्यावीत म्हणून केलेले अर्ज, अशी नावे त्यांवरच्या चिठ्ठ्यांवर होती. यंत्रकुलूप हरवले होते, संच करणारी कंपनी उरली नव्हती. १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनातील सायक्लोस्टाईल पत्रक कितीही फिकट झाले तरी उन्हात धरून वाचता येते; त्या आंदोलनात ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले, त्यामुळे त्या कागदांचे मोल मला वेगळे सांगायला नको. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी जुळवलेले पत्रक मात्र माझ्यासमोर होते आणि मला वाचता येत नव्हते. ते शेवटी वाचले कसे? एका तरुण मुलाने कोठून तरी त्या संचाची कुलूप तोडलेली जुनी प्रत मिळवली, आणि अक्षरांच्या जागा जुळवून मजकूर युनिकोडमध्ये उतरवला. म्हणजे चोरट्या नकलेने कागद वाचवला. काही फ्लॉप्यांवर बुरशी धरली होती, त्या गेल्याच.

नकलेचे हे रूप आपल्या इतिहासाला नवे नाही. सावरकरांच्या १८५७ वरील पुस्तकावर छापण्याआधीच बंदी आली. १९०९ मध्ये हॉलंडमध्ये छापलेल्या इंग्रजी प्रती भलत्याच नावांच्या वेष्टनांत हिंदुस्थानात आल्या. पुढे हरदयाळांनी, भगतसिंगांनी तिच्या आवृत्त्या काढल्या. परवाना कोणाचाच नव्हता. मूळ मराठी हस्तलिखित गोव्याच्या डॉ. कुटिन्हो यांनी परदेशात जपले, म्हणून स्वातंत्र्यानंतर ते हाती आले. बंदी १९४६ मध्ये उठली, तोपर्यंत ते पुस्तक केवळ बेकायदा प्रतींवर जगले. लग्नपत्रिका छापण्यासाठी टंक चोरणे आणि हे, यांची तुलना मी करत नाही. कायद्याच्या दृष्टीने दोन्हीकडे बेकायदा प्रत एवढेच साम्य आहे, आणि कायदा एवढ्यावरच थांबतो. त्यापुढे नकलेचा हेतू काय आणि नुकसान कोणाचे, हे आपल्याला पाहावे लागते.

कुलपे काही प्रमाणात निघाली, हेही सांगितले पाहिजे. विंडोज २००० पासून युनिकोडची देवनागरी संगणकातच येऊ लागली. १९९८ मध्ये शेषाद्री वासू यांनी मुळात कानडीसाठी काढलेल्या 'बरह' प्रणालीत पुढे देवनागरीही आली. भाषेच्या भांडणात कानडी आणि मराठी समोरासमोर उभ्या केल्या जातात. संगणकात त्या एकाच खिडकीत शेजारी बसल्या. बेंगळुरूच्या सायबरस्केप कंपनीने २००३ मध्ये 'आकृती'चे काही टंक जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले. २००५ पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांची साधने सीडींवर विनामूल्य वाटली. अक्षर घडवणाऱ्याला मोबदला मिळून अक्षर सर्वांचे होऊ शकते, हे त्यातून दिसले. चोरीवर कैदेच्या भीतीपेक्षा या उपायांचाच परिणाम अधिक झाला, असे माझे निरीक्षण आहे. आज लग्नपत्रिकेसाठी कोणी टंक चोरत असेलही, पण पत्र लिहिण्यासाठी चोरावा लागत नाही.

आता राहिले आपल्या हातचे काम. बेळगाव, निपाणी, खानापूर भागांत १९८८ ते २००५ या काळात मराठीत जे जुळले गेले, त्याचा मोठा भाग अद्याप फ्लॉप्यांवर आणि बंद संगणकांच्या डिस्कांवर आहे. फ्लॉपी वाचणारी यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत. ज्यांच्या घरी किंवा छापखान्यात अशा फ्लॉप्या असतील त्यांनी त्या फेकू नयेत; वरची चिठ्ठी काढू नये आणि टंकाचे नाव आठवत असेल तर ते चिठ्ठीवर लिहावे. तसेच एखाद्या मंडळाचे पान किंवा एखाद्याचा मजकूर इंटरनेटवरून काढला गेला, तर कंपनीचा जो संदेश येईल तो कागदावर उतरवून तारीख घालून ठेवावा. मजकुराची स्वतःची एक प्रतही ठेवावी. शाळेच्या ग्रंथालयात यासाठी एक कपाट देण्याचे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे. निपाणीच्या खोक्यातून वाचता आलेले अर्ज आणि पत्रके त्याच्या पहिल्या खणात ठेवली आहेत.